किक मारायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

पाऊस सरत आला की पत्रांचा ढीग वाढतो, दरवर्षीचंच आहे हे. तीन-चार महिने गाडी एकतर चिखलातून हाणलेली असते नाहीतर पत्र्याखाली झाकून ठेवलेली, आणि इकडे कासला फुलं आलीत, ग्रुपवर रविवारचे प्लॅन पडायला लागलेत आणि नेमकी आता गाडी कुरकुर करतेय. यावेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. "मित्र म्हणाला", "गॅरेजवाला म्हणाला", "व्हिडिओत दाखवलं". अरे पण गाडीजवळ बसून कुणी मोजलंय का? म्हणून आज फुटपट्टी, शिवणकामाचा टेप आणि एक जुनी चिंधी एवढं जवळ घ्या आणि मग वाचा.

चिपळूणहून एक वाचक : १५० सीसीची गाडी आहे, रोज खेर्डीला कामावर आणि सुट्टीला कुंभार्ली घाट ठरलेला. चेन खडखड वाजत होती म्हणून टाईट करून घेतली. आवाज गेला, पण आता गाडी जड चालते आणि डबलसीट असताना खड्ड्यात गेली की मागून कट्ट असं वाजतं. ग्रुपमधला एक म्हणतो अजून टाईट कर, दुसरा म्हणतो चेन गेली. नक्की काय?

दादा, अजून टाईट अजिबात करू नका, आजच ढिली करा. वाजणाऱ्या चेनपेक्षा ताणलेली चेन जास्त वाईट, कारण ढिली चेन निदान ओरडून सांगते, ताणलेली गपचूप बेअरिंग खाते. होतं काय, तुम्ही एकटे उभे राहून बघता तेव्हा मागचं चाक खाली लोंबत असतं. मागं माणूस बसला, खड्डा आला, की चाक वर जातं आणि एका क्षणी पुढचं छोटं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक), स्विंगआर्मचा म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा बोल्ट आणि मागच्या चाकाचा एक्सल तिन्ही एका रेषेत येतात. तिथं दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. चेनमध्ये तेवढा ढिलेपणा शिल्लक नसेल तर ती सगळं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ओढून घेते, तोच तुमचा कट्ट.

आता मोजा. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. खालच्या बाजूची चेन दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध धरा, मागे फुटपट्टी उभी टेकवा, बोटानं चेन खाली ओढून आकडा बघा, वर ढकलून आकडा बघा, मधला फरक म्हणजे ढिलेपणा. बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना तो २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा आणि स्टँड कुठला लावायचा ते मॅन्युअलमध्ये नाहीतर चेनजवळच्या स्टिकरवर असतं, तेच खरं धरा. आणि एकाच जागी मोजून उठू नका, लोक इथंच चुकतात. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथं सगळ्यात टाईट लागते तिथला आकडा पकडून ॲडजस्ट करायचं. एका जागी तार आणि दुसऱ्या जागी झोका असा मोठा फरक असेल तर मात्र तुमचा दुसरा मित्र बरोबर, चेन-स्प्रॉकेटचा सेट संपला. खात्री करायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकावर चेन चिमटीत धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, नुसती चेन घातली तर जुने दात नवी चेन महिन्या-दोन महिन्यांत खराब करतात.

चेन ॲडजस्ट करायला चाक मागे-पुढे केल्यावर दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का बघा, एक्सलचा नट नीट आवळा, आणि मागे ड्रम ब्रेक असेल तर रॉडचा प्ले, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीची पेडलची मोकळी हालचाल, परत लावा. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि घाट उतरताना पेडल वेगळंच लागलं की घाबरतात.

चेन धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. ओ-रिंगवाली (सांध्यांत ग्रीस अडवणाऱ्या रबरी रिंगांची) चेन असेल तर पेट्रोल नको, तारेचा ब्रश तर नकोच, रिंगा फाटल्या की आतलं ग्रीस गेलं. थोडं फिरून आल्यावर चेन कोमट असताना आतल्या बाजूनं लूब मारा आणि रात्रभर तशीच ठेवा. पाचेकशे किलोमीटरला एकदा, कोकणातल्या पावसात त्याच्याही आधी. आणि कळकळीनं सांगतो, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला चिंधी लावायची नाही, कधीच नाही. चिंधी आत ओढली जाते आणि तिच्यामागं बोटं. हातानं चाक फिरवा, दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

एक राहिलं. चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागं. आमच्या एका मित्राची उलटी बसवली होती, सज्जनगडाच्या चढावर चेन निघून रस्त्यावर पडली. चढ होता आणि वेग कमी होता म्हणून निभावलं.

नाशिकहून : बाबांच्या कारचं ऑइल एक लिटर उरलंय, महागातलं आहे. बाईकला टाकलं तर चालेल ना?

नाही चालणार. बाईकचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, इंजिनाला ती चांगली पण क्लचप्लेटला घर्षणच तर हवं असतं. मग चढावर इंजिन रेस होतं आणि गाडी पुढं सरकत नाही. कॅनच्या मागे जासो एमए किंवा एमए२ (JASO MA/MA2, अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का बघा आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. उरलेलं बाबांनाच टॉपअपला ठेवा.

सोलापूरहून एक वाचक ताई : मी १२५ सीसी चालवते, आता मैत्रिणींबरोबर तुळजापूर, अक्कलकोट अशा राईड सुरू केल्यात. हेल्मेट घ्यायचंय. भाऊ म्हणतो एक साईज मोठं घे, केस बसतील आणि गरम कमी होईल. दुकानदारानं पण तेच दिलं. बरोबर आहे का?

ताई, भावाची काळजी खरी आहे पण सल्ला चुकला, हेल्मेट बदलून आणा. मोठं हेल्मेट म्हणजे अपघातात डोक्याच्या आधी हेल्मेट फिरणार, कदाचित निघूनच जाणार. शिवणकामाचा टेप घ्या, भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवा. आलेला सेंटिमीटरचा आकडा त्या त्या कंपनीच्या तक्त्याशी जुळवा, कारण एकीचं मीडियम दुसरीचं लार्ज असू शकतं. नवं हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले जायला हवेत, बोलताना गालाची आतली कातडी दाताला लागेल इतके. पॅड वापरून बसतात. कपाळावर मात्र एकाच जागी टोचत असेल तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसरं मॉडेल बघा. दुकानातच दहा मिनिटं घालून उभ्या राहा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

मग पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील एवढा, आणि मैत्रिणीला मागून हेल्मेटची खालची कड धरून पुढे वर उचलायला सांगा. डोक्यावरून सुटलं तर ते हेल्मेट तुमचं नाही. केसांचा अंबाडा आत बसवू नका, मानेजवळ सैल वेणी घाला, वरून पातळ सुती टोपी. सोलापूरच्या उन्हात गरम होणारच हो, पण त्याला हवा खेळणारे व्हेंट बघा, मोठी साईज हा उपाय नाही.

आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा नंबर बघूनच घ्या. १ जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला मिळतातच. आत जो थर्माकोलसारखा थर असतो तोच खरा जीव वाचवतो, तो दबून मार खातो आणि एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटनं एकदा अपघात झेलला ते बाहेरून चकाचक दिसलं तरी परत वापरायचं नाही. गाडी लावली की हेल्मेट आरशावर टोपीसारखं ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे, ती सोडा, आरशाच्या टोकानं त्याच थरात खड्डा पडतो.

डोंबिवलीहून : रायडिंग जॅकेटमध्ये आतून लावायचं रेन लायनर आहे, तरी माळशेजला भिजून थंडीनं कुडकुडलो. लायनर खराब निघालं का?

लायनर बहुधा ठीकच असेल. ते आत असतं, म्हणजे बाहेरचं जाळीचं कापड सगळं पाणी पिऊन बसतं, जड होतं आणि वारा लागला की गार पडतं. घाटासाठी जॅकेटवरून घालायचा मोठा रेनकोट घ्या, भडक पिवळा किंवा नारिंगी, धुक्यात मागच्या ट्रकला दिसला पाहिजे. ग्लोव्हजची कड बाहीच्या आत, नाहीतर बाहीवरचं पाणी सरळ बोटांत उतरतं.

सांगलीहून, कॉलेजचा विद्यार्थी : काकांची आरएक्स १०० आठ वर्षं गोठ्याशेजारी उभी होती, ती मला दिली! ग्रुपमध्ये सगळे बुलेटवाले, म्हणतात "डास मारायला आणलीस का". धूर नॉर्मल आहे का आणि सुरू कशी करू?

भावा, नशीब काढलंस. १९८५ ला आलेली आणि १९९६ ला बंद झालेली गाडी, ९८ सीसी, आणि अजून लोक शोधत फिरतात. बुलेटवाल्यांना सांग, टू-स्ट्रोक आहे, ऑइल पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच असतं, थोडा धूर म्हणजे तिची तब्येत बरी आहे. तुमच्या जुन्या बुलेटी ऑइल जमिनीवर सोडतात तेव्हा आम्ही काही बोलतो का म्हणावं.

पण आल्या आल्या किक मारत बसू नकोस. आठ वर्षांचं पेट्रोल काढून टाक, टाकीत टॉर्च मारून गंज बघ, कार्बोरेटर उघडून जेट साफ कर. रबरी पाईप बदलूनच टाक, ती गाडी आली तेव्हा आजचं इथेनॉलवालं पेट्रोल नव्हतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. प्लग काढून सिलेंडरमध्ये टूटी (2T, टू-स्ट्रोकचं) ऑइलचे थोडे थेंब सोड आणि हातानं किक हळूहळू खाली दाब, इंजिन मोकळं फिरतंय ना हे पायाआधी हाताला कळतं. तिचा ऑइल पंप वेगळा असतो, नळीत हवा अडकली असेल तर इंजिन कोरडं फिरून जाम होईल. पंपाच्या स्क्रूतून बुडबुडे जाऊन सलग ऑइल येईपर्यंत हवा काढ. तरीही पहिल्या एक-दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टूटी ऑइल मिसळच, धूर जास्त होईल पण पिस्टन वाचेल.

सुरू झाल्यावर सुरुवातीला पांढरा धूर भरपूर येणार, जुनं ऑइल जळतंय ते. गाडी तापून अर्धा तास झाला तरी तो थांबत नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं) रबरी सील गेलंय. उलट धूर नाही पण गाडी आपोआप रेस होतेय, इंजिनचा वेग खाली बसतच नाही, तर दुसऱ्या, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील हवा खेचतंय, लगेच बंद कर. इतकी वर्षं उभ्या गाडीची ही सीलं वाळतातच, दोन्ही एकदम बदललीस तर उत्तम.

दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर गाडी गार होऊ दे आणि प्लग काढून चिंधीवर ठेव. दुधाच्या कॉफीचा रंग आला तर काकांना फोटो पाठव, काळाकुट्ट ओला आला तर मला परत लिही. आणि औदुंबरची राईड ठरली की बुलेटवाल्यांना पुढं काढ, तू मागं राहा, नाहीतर धुराची तक्रार परत येईल.