खाडीत सापडलेल्या बेवारस मृतदेहाची ओळख डीएनए करून लगेच का पटवत नाहीत?

तुमचा मावसभाऊ चार महिने बेपत्ता आहे, खाडीत एक कुजलेला मृतदेह सापडलाय, आणि पोलीस "डीएनए करून टाकत" का नाहीत, असा तुमचा प्रश्न. हे "करून टाका" ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून लिहितो.

डीएनएच्या अहवालात नाव छापून येत नाही. ताडून पाहायला समोर आई, बाप किंवा मूल लागतं. अहमदाबादला १२ जून २०२५ च्या विमान अपघातानंतर डीएनएने काम केलं, कारण प्रवाशांची यादी हातात होती आणि नातेवाईक नमुने द्यायला रांगेत उभे होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगारांची 'पी-३०५' बार्ज (सपाट तळाचं तरंगतं जहाज) बुडाली, मृतदेह रायगडपासून वलसाडपर्यंत किनाऱ्याला लागले. तिथेही कामगार कोण हे माहीत होतं. खाडीतल्या एकट्या माणसाची यादी कोणाकडे असते? बेपत्ता आणि अनोळखी मृतांची डीएनए सूची करण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

म्हणून पहिली धाव ठशांकडे, आणि नेमकी तिथेच हयगय होते. "पाण्यात फुगलाय, ठसे येणार नाहीत" असा शेरा दिसला की माझं डोकं फिरतं. येतात ठसे! बोटं नुसती सुरकुतली असतील तर वरच्या पेराला दोरा सैल गुंडाळायचा आणि बारीक सुईने सांध्याकडून टोकाकडे कोमट पाणी किंवा ग्लिसरीन भरायचं. टोक टरारून आलं की सुई काढता काढता दोरा आवळायचा. शाई अगदी पातळ. थापली की रेघा बुजल्याच.

जास्त दिवस झाले असतील तर हाताची कातडी मोज्यासारखी सुटते. ती फेकायची नसते. दहा बोटांच्या दहा डब्या, प्रत्येकीवर डावं-उजवं आणि बोटाचं नाव. कातडी हलक्या हाताने धुवायची, स्पिरिटने सुकवायची, मग तज्ज्ञ ती आपल्या हातमोजा घातलेल्या बोटावर टोपीसारखी चढवतो आणि स्वतःचाच ठसा देतोय असं बोट कागदावर फिरवतो. फाटकी असेल तर आतल्या बाजूचा फोटो घ्यायचा. तो आरशातल्यासारखा उलटा असतो. तसं लिहून ठेवलं नाही तर जुळणी फसते. कातडी वाहून गेली असली तरी खालच्या थरावर त्याच रेघा फिकट असतात. उकळीच्या जरा खालच्या पाण्यात हात ५ ते १० सेकंद धरला की त्या फुगून वर येतात.

आता तुम्ही म्हणाल, ठसे तरी कशाशी जुळवायचे? बरोबर. 'नॅफिस'मध्ये, म्हणजे पोलिसांच्या देशभरच्या ठसे-संग्रहात, गुन्ह्यांच्या नोंदीतले ठसे. कधी अटकच न झालेला माणूस तिथे सापडायचा नाही. आधारचे ठसे आधार कायद्याच्या कलम २९ मुळे कोणालाच मिळत नाहीत. पण घर-जमिनीचा दस्त नोंदवताना अंगठा घेतात. भावाच्या नावावर काही असेल तर तो दस्त काढा. माणूस गेला तरी कागद राहतो, आणि ठशांचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

डीएनए नकोच असं मात्र नाही. दाढ किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा राखून ठेवलाय का, हे विचारा. फॉर्मालिनच्या बरणीत टाकलेला नमुना जवळपास बाद धरा. नमुना द्यायला तुम्ही नका जाऊ, मावशीला न्या. तुमचा आणि भावाचा आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळेल, पण तो सगळ्या मावस भावंडांचा सारखाच, त्यावरून हाच माणूस असं ठरत नाही. मिसिंग दाखल केलीच असेल. त्यात दातांचा एक्स-रे, पायात रॉड असेल तर ऑपरेशनच्या फाइलमधला रॉडच्या नंबरचा स्टिकर, शर्टाच्या कॉलरवरचं शिंप्याचं लेबल, हे सगळं जोडा. चेहरा बघून "हाच तो" म्हणायची घाई नको. कुजलेल्या चेहऱ्यावरून सख्खी माणसंही चुकतात.

आणि हो, वरचा गरम पाण्याचा प्रकार सगळ्यात शेवटी, तोही तज्ज्ञानेच करायचा. घातपाताचा संशय असेल तर नखांची कात्रणं त्याआधी घ्यायची, हात धुण्याच्याही आधी.