रूट केलेला फोन डेटा न घालवता अपडेट करता येतो का?

आपला फोन मॅजिस्क या ॲपने रूट केलेला आहे (म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवलेला आहे), अपडेटची सूचना आठवडाभर येत आहे, आणि जवळच्या दुकानदाराने "आधी फोन पूर्ण पुसावा लागेल, डेटा जाईल" असे सांगितले आहे. हे खरे का, असे आपण विचारले आहे. हे खरे नाही. रूट केलेला फोन अपडेट करण्यासाठी डेटा पुसण्याची गरज नसते, आणि जो माणूस ती असल्याचे सांगतो त्याला बहुधा स्वतःचा वेळ वाचवायचा असतो. इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, हेच वाक्य मी २०१९ साली कोथरूडला माझ्याच घरात ऐकले, त्यावर विश्वास ठेवला, आणि माझे तीन हिवाळ्यांचे काम एका मिनिटात गेले.

मी डोंगरात फिरते. २०१७ च्या सुरुवातीला फोन घेतला तेव्हापासून घाटवाटांच्या नोंदी त्यातल्या नकाशाच्या ॲपमध्ये ठेवत होते. सिंहगड किंवा राजगडाच्या मळलेल्या वाटांना अशा नोंदी लागत नाहीत. पण केळदहून मढे घाटाने उतरून उपांड्या घाटाने परत चढायचे असेल, तर वाट कुठे झाडीत शिरते आणि कुठे ढोरवाटेत मिसळते हे दर पावसाळ्यानंतर नव्याने शोधावे लागते. माझ्या नोंदी अशा असत: "उंबराच्या उजवीकडे झरा, फेब्रुवारीअखेर आटतो", "येथे डावीकडची ठळक वाट घेऊ नये, ती गुरांची आहे". हे ॲप या टिपा स्वतःच्या खाजगी फोल्डरमध्ये ठेवत असे, जिथे रूटशिवाय वापरणाऱ्याला पोहोचता येत नाही. एकेक वाट वेगळी काढून पाठवण्याची सोय होती, परंतु खुणांवरच्या टिपा तिच्यासोबत येत नसत. फोन रूट केला तो याच नोंदींची पूर्ण प्रत काढता यावी म्हणून; फुकटची थीम किंवा जाहिरातमुक्त व्हिडिओ यांसाठी नव्हे.

सप्टेंबर २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आले. माझ्या फोनवर अपडेट उतरत असे आणि अर्ध्यावर "इन्स्टॉलेशन प्रॉब्लेम" असे सांगून थांबत असे. आमच्या गटात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, हिंजवडीत नोकरी करतात, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते एका रविवारी लॅपटॉप घेऊन घरी आले. रूट केलेला फोन धुऊन पुसूनच पुढे न्यावा, जुन्यावर नवे चढवले की कचरा राहतो, हे त्यांचे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. "बॅकअप आहे ना?" एवढे त्यांनी विचारले, मी "आहे" म्हटले, आणि ते खरेच होते. माझा फोन गूगलचा पिक्सेल होता; त्यांनी त्याची पूर्ण फॅक्टरी इमेज, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमची संपूर्ण प्रत, उतरवली, झिप उघडली, केबल लावली आणि 'फ्लॅश-ऑल' या फाईलवर दोनदा क्लिक केले. काळ्या खिडकीत ओळी सरकू लागल्या. त्यांतली एक "इरेझिंग युजरडेटा" अशी होती. ती मी वाचली, तिचा अर्थ मला कळत होता, आणि बॅकअप असल्यामुळे मी काही बोलले नाही. पाऊण तासाने फोन सुरू झाला, मी बॅकअपचे फोल्डर शोधायला गेले, तेव्हा लक्षात आले की ते फोल्डर फोनच्याच अंतर्गत मेमरीत ठेवलेले होते. ज्या फोनचा बॅकअप होता, त्याच फोनच्या पोटात तो होता.

पुढचे दोन आठवडे मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत खेटे घातले. एका दुकानाने दीड हजार रुपये आगाऊ घेतले आणि चार दिवसांनी रिकामा फोन परत दिला. आज मला माहीत आहे की, तिथे कोणालाही काही करता येणार नव्हते. या फोनमधली प्रत्येक फाईल एन्क्रिप्ट केलेली असते आणि फोन पुसताना तिच्या किल्ल्याच नष्ट होतात, त्यामुळे जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवरून पुसलेले फोटो परत काढतात तसे येथे होत नाही. कोणी "काढून देतो" म्हणत असेल तर पैसे देऊ नयेत.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. अपडेट अडते ते कशामुळे, हे समजले की पुढचे सोपे होते. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून हवेतून, म्हणजे इंटरनेटवरून थेट फोनवर, येणारे अपडेट फाईल-फाईलने न बदलता संपूर्ण पार्टिशन (मेमरीचा वेगळा राखलेला भाग) एक सलग वस्तू मानून बदलते, आणि बदलण्याआधी ते मुळात होते तसेच आहे ना, हे तपासते. त्यात एका बाइटचाही फरक असला की अपडेट थांबते. मॅजिस्क सिस्टीम पार्टिशनला हात लावत नाही, फक्त बूट इमेज, म्हणजे फोन सुरू होताना आधी चालणारा भाग, बदलते. परंतु तपासणीत तीही येते, म्हणून अडते. याचा अर्थ, अपडेटपुरती मूळ बूट इमेज जागेवर ठेवली की तपासणी पार पडते. आपला डेटा वेगळ्या पार्टिशनवर असतो आणि या सगळ्यात त्याचा काहीही संबंध येत नाही. दुकानदारालाही ही एवढीच गोष्ट सांगावी.

२०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये सिस्टीमच्या दोन जागा असतात, त्यांना स्लॉट ए आणि स्लॉट बी म्हणतात. चालू असलेल्या स्लॉटला धक्का न लावता अपडेट दुसऱ्यावर बसते. आपला फोन असा असेल तर प्रथम मॅजिस्कमधील सर्व मॉड्यूल (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद करून फोन एकदा रीस्टार्ट करावा. नंतर मॅजिस्कच्या अनइन्स्टॉल बटणामागचा 'रिस्टोअर इमेजेस' हा पर्याय निवडावा, पूर्ण अनइन्स्टॉल नव्हे, आणि यानंतर फोन रीस्टार्ट करू नये. सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट नेहमीप्रमाणे बसू द्यावे. शेवटी ते रीस्टार्ट मागते. ते बटण दाबू नये. पुन्हा मॅजिस्कमध्ये येऊन इन्स्टॉलमधला 'इनॅक्टिव्ह स्लॉट'चा पर्याय घ्यावा, आणि मग मॅजिस्कमधूनच रीस्टार्ट करावे. चुकून आधी रीस्टार्ट झाले तर फक्त रूट जाते, डेटा जागेवर राहतो. बिघाड होऊन नवा स्लॉट सुरूच झाला नाही, तर काही प्रयत्नांनंतर फोन आपोआप जुन्या स्लॉटवर परत येतो.

मूळ इमेजची प्रत सापडत नाही असे मॅजिस्कने सांगितले, तर आपल्या सध्याच्या बिल्ड क्रमांकाच्या फर्मवेअरमधून (कंपनीच्या पूर्ण सिस्टीमच्या फाईलमधून) ती काढून फास्टबूट या संगणकावरून चालणाऱ्या साधनाने बसवावी. येथे एक बारकावा आहे: अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये पॅच करायची, म्हणजे रूटसाठी मॅजिस्कने बदलायची, इमेज साधारणपणे 'बूट' नसून 'इनिट-बूट' असते. माझ्या आजच्या फोनवर मी पहिल्यांदा 'बूट' पॅच केली, फोन व्यवस्थित सुरू झाला आणि रूट मात्र मिळाले नाही, यात माझी एक संध्याकाळ गेली.

पिक्सेलवाल्यांना आणखी दोन मार्ग आहेत. पूर्ण ओटीए फाईल (हवेतून येणाऱ्या अपडेटचीच पूर्ण फाईल) उतरवून ती रिकव्हरीतून, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या मेनूतून, एडीबी साइडलोडने (संगणकावरून केबलने पाठवून) बसवली तर डेटा राहतो. फॅक्टरी इमेजच वापरायची असेल, तर 'फ्लॅश-ऑल' फाईल नोटपॅडमध्ये उघडून तिच्या शेवटच्या भागातील अपडेटच्या ओळीत जो '-डब्ल्यू' आहे, तो काढून फाईल जतन करावी आणि मगच चालवावी. त्या एका अक्षराचा अर्थ 'पुसा' असा आहे. कंपनीने हे लपवलेले नाही; ही इमेज बसवल्यास डेटा पुसला जाईल, असे तिच्या पानावर लिहिलेले असते. सॅमसंगवर बूटलोडर (फोन सुरू करणारा आणि बाहेरच्या सिस्टीमला अडवणारा कुलूपबंद भाग) उघडला की हवेतून अपडेट मिळत नाही, म्हणून नवे फर्मवेअर उतरवून त्यातली एपी नावाची मुख्य सिस्टीमची फाईल मॅजिस्कने पॅच करावी आणि ओडिन या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये सीएससीच्या (देशानुसारच्या सेटिंग्जच्या फाईलच्या) जागी 'होम सीएससी' नावाची फाईल निवडावी. साधी सीएससी निवडली की डेटा पुसला जातो.

दादांचे म्हणणे असे की, माझ्या नोंदी रूटमुळे गेल्या. पहाटे स्वारगेटला चहा घेताना नवीन मुलांना ते हे उदाहरण म्हणून सांगतात. मी येथे स्पष्ट लिहिते की, तीच फाईल तशीच रूट न केलेल्या फोनवर चालवली असती तरी तेवढेच पुसले गेले असते. नोंदी त्या '-डब्ल्यू'मुळे गेल्या, आणि बॅकअप कुठे आहे हे त्यांनी न विचारल्यामुळे व मी न तपासल्यामुळे गेल्या. रूट होते म्हणून निदान त्यांची पूर्ण प्रत काढता येत होती. रूट नसते तर तीही सोय नव्हती. जुन्यावर नवे चढवल्याने साचणारा कचरा मला अजून दिसलेला नाही. त्यानंतरचा माझा एक फोन अँड्रॉइड ११ पासून १३ पर्यंत आणि आजचा १३ पासून १५ पर्यंत, दोन्ही रूटसह आणि एकदाही न पुसता, मी स्वतः आणला आहे, आणि उंबराच्या झऱ्याची नोंद, जी २०२० च्या जानेवारीत पुन्हा चालून जाऊन घेतली, ती त्यात जशीच्या तशी आहे.

बॅकअप मात्र घ्यावाच. स्विफ्ट बॅकअप किंवा निओ बॅकअप रूट वापरून ॲप आणि त्याचा डेटा दोन्ही साठवतात. ते फोल्डर संगणकावर उतरवावे आणि तिथे उघडून त्यात फाईली आहेत ना हे डोळ्यांनी पाहावे. टीडब्ल्यूआरपी या बाहेरून बसवायच्या रिकव्हरीने घेतलेल्या डेटाच्या बॅकअपमध्ये अंतर्गत मेमरीतले फोटो आणि फाईली येत नाहीत, हे अनेकांना नंतर कळते. बँकेची ॲप्स, सिग्नल आणि काही ओटीपीची ॲप्स यांच्या किल्ल्या त्या फोनच्या हार्डवेअरशी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा असा बॅकअप दुसऱ्या किंवा पुसलेल्या फोनवर चालत नाही. त्यांची स्वतःची स्थलांतराची सोय वापरावी.

वर लिहिलेले सर्व त्याच कंपनीच्या त्याच सिस्टीमची पुढची आवृत्ती बसवण्याबद्दल आहे. मागच्या आवृत्तीवर जायचे असेल, किंवा कंपनीची सिस्टीम सोडून लिनिएज ओएससारखी दुसरी घ्यायची असेल, तर पुसणे टळत नाही. अपडेटनंतर फोन सुरू होताना अडकला, तर कोणाच्याही सांगण्यावरून फॅक्टरी रीसेट करू नये. सुरू होताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून सेफ मोडमध्ये नेल्यास मॅजिस्कची मॉड्यूल बंद होतात आणि बहुतेक वेळा दोष त्यांचाच असतो. बूटलोडर परत लॉक करण्याची घाई करू नये, कारण लॉक करतानाही डेटा पुसला जातो, आणि पॅच केलेली इमेज आत असताना लॉक केला तर फोन सुरू न होण्याची शक्यता असते. दुकानात फोन द्यावाच लागला, तर तिथे कोणती फाईल चालवणार आहेत हे विचारावे आणि ती चालवताना समोर उभे राहावे.