इंग्लंडमधल्या ब्लाइथबर्गच्या चर्चमधल्या लाकडी देवदूतांवर क्रॉमवेलच्या (सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या सेनानीच्या) सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या का? आणि छताचे रंग मूळचेच आहेत का?

क्रॉमवेल नाही, कावळे. उत्तर खरं तर एवढंच. पण राहवलं नाही, कारण याच गोळ्यांवरून आमच्या साडूंशी माझं चांगलंच वाजलंय.

आम्ही नॉर्विचला राहतो. साडू आले की त्यांना काहीतरी ‘ऐतिहासिक’ लागतं, म्हणून सफोकात ब्लाइथबर्गला नेलं. मान वर करतोय तोच यांचं भाषण सुरू: १६४४ साल, क्रॉमवेलच्या बाजूच्या संसदेसाठी चर्चमधल्या मूर्ती-चित्रं फोडत फिरणारा विल्यम डाउसिंग, शिपायांनी बंदुका रोखल्या, ठो ठो! अहो, डाउसिंग ९ एप्रिल १६४४ ला तिथे आला होता, मान्य. पण त्याची स्वतःची रोजनिशी आहे. त्यात वीस देवदूत उतरवायचा हुकूम आहे, गोळीबाराचं नाव नाही. आपल्या मोडतोडीचा इतका चोख हिशेब ठेवणारा माणूस ही मर्दुमकी लिहायची सोडेल?

१९७४ च्या दुरुस्तीत लाकडातून जे शिशाचे छर्रे निघाले ते अठराव्या शतकातले. आणि चर्चच्या १७६१ च्या जमाखर्चात जॅकडॉ, म्हणजे तिकडचे छोटे कावळे, मारायला बंदुकीची दारू आणि छर्रे घेतल्याचा खर्च पडलाय. हे सांगितल्यावर साडू म्हणाले, “मी वेगळं वाचलंय.” झालं, विषय संपला!

रंग म्हणाल तर बरेचसे मूळचे, पंधराव्या शतकातले. तुळयांच्या मध्यावर देवदूत पाठीला पाठ लावून पंख पसरून आहेत. आजूबाजूला पांढऱ्या अस्तरावर साच्याने उठवलेली तांबडी-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची आद्याक्षरं. फिकट झालेत, पण कोणी परत रंगवायला जाऊ नये. केंब्रिजशायरातल्या मार्च गावच्या सेंट वेंड्रेडा चर्चमध्ये शंभरावर देवदूत आहेत, त्याचा बोलबाला जास्त. मला ती गर्दी वाटते, शिवाय तिथलं लाकूड उघडंच.

हां, डाउसिंगला मी सोडून देत नाहीये. सफोकातल्या कितीतरी चर्चच्या रंगीत काचा आणि थडग्यांवरचे प्रार्थनालेख त्याच्यामुळेच गेले. इथले देवदूत वाचले ते बहुधा उंचीमुळे.

जाणार असाल तर दुर्बीण न्या, नुसत्या डोळ्यांनी फुलं नीट दिसत नाहीत. आणि सोबतचं कोणी ‘क्रॉमवेल’ म्हणालंच, तर त्याला आधी १७६१ चा जमाखर्च विचारा.