अठराच्या आतल्या मुलाला खरंच काही होत नाही का? आणि त्याला पुढे करणाऱ्यांना?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या सोळा पूर्ण झालेल्या भावाच्या हातात वस्तीतल्या मोठ्या मुलांनी कोयता दिला आणि एकाचा मोबाइल हिसकावायला लावला. "तू लहान आहेस, तुला काही होत नाही," असंही त्याला सांगितलं. मी पुण्यात बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अठराखालच्या मुलांवरचे गुन्हे ऐकणाऱ्या मंडळासमोर, मुलांच्या केसेस चालवते. हे वाक्य अनेक मुलांच्या तोंडून ऐकलंय. ते मुलाच्या बाबतीत खोटं आहे आणि ते सांगणाऱ्याच्या बाबतीत तर त्याहून खोटं आहे.

लोकांचा हा समज घट्ट झाला तो मे २०२४ मधल्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातामुळे. दोन तरुण इंजिनिअर गेले आणि गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला. सगळ्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं. पण पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली त्याच्या आईवडिलांना आणि डॉक्टरांना अटक झाली, आणि हे मोठे लोक त्या मुलापेक्षा कितीतरी जास्त काळ कोठडीत राहिले. मुलाला प्रौढ समजून खटला चालवा, हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला.

आता तुमच्या भावाचं. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाचं प्रकरण प्रौढासारखं चालवण्याचा विचार फक्त 'घृणास्पद' गुन्ह्यात होतो, म्हणजे ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा ठरलेली आहे. शिक्षा जास्तीत जास्त किती, याला इथे महत्त्व नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. कल्याणीनगरच्या प्रकरणातल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमात अशी किमान मर्यादा नाही. पण जबरी चोरी करताना घातक शस्त्र वापरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३११ मध्ये किमान सात वर्षं आहेत. मोबाइल दहा हजारांचा का असेना, कोयता वापरला की प्रकरण घृणास्पद ठरतं. पोरांना हे कोणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

म्हणून एफआयआरची प्रत मिळवा आणि कलम कोणतं लावलंय ते आधी बघा. ३११ असेल तर मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं: मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. तो मोठ्यांच्या दबावाखाली होता, हे इथेच पुराव्यानिशी मांडायचं असतं. त्यानंतर मंडळाने प्रकरण प्रौढासारखं चालवण्यासाठी बाल न्यायालयात पाठवलं नाही, तर मंडळच समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा (देखरेखीखाली घरी सोडणं) असे आदेश देऊ शकतं. विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांच्या सुधारगृहात, ठेवलं तरी जास्तीत जास्त तीन वर्षं. मग नोकरीतही या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही. बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरवलं तर मात्र हे संरक्षण जातं आणि एकवीस वर्षांनंतर तुरुंगही असू शकतो. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप अल्पवयीनाला देता येत नाही.

त्याला लॉकअपमध्ये ठेवलं असेल तर ते बेकायदा आहे. चोवीस तासांत मंडळासमोर हजर करायलाच हवं. वयासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला घेऊन जा. तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. गुन्ह्याच्या दिवशी किती वय होतं तेच धरतात.

जामीन हा नियम आहे, पण बाहेर सोडल्यावर तो पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मंडळाला वाटलं तर नाकारतात. तुमच्या प्रकरणात नेमकी हीच अडचण येणार. त्याच गल्लीत परत आणू असं सांगू नका. मामा, आत्या, गावचं घर, जिथे ती टोळी पोहोचणार नाही असं ठिकाण आणि तिथली शाळा किंवा आयटीआय परिवीक्षा अधिकाऱ्यांना आधीच सांगा. त्यांच्या अहवालाला मंडळासमोर मोठं वजन असतं.

आणि ती मोठी मुलं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचं कलम ९५ त्यांच्यासाठीच आहे. अठराखालच्या मुलाला गुन्हा करायला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद आणि दंड. शिवाय प्रत्यक्ष गुन्हा घडला असेल तर तो करायला लावणाऱ्याने स्वतः केला असं समजून त्या गुन्ह्याचीही शिक्षा. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड वेगळाच. दारू किंवा गांजा पाजून त्याला तयार केलं असेल तर कलम ७७ ही बघा.

ही कलमं एफआयआरमध्ये आपोआप येतीलच असं नाही. भावाने कोणी कोयता दिला, कोणते मेसेज आले, पैसे कुठून आले हे वकिलासमोर सांगितलं की तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोबाइलमधलं काहीही डिलीट करू देऊ नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो. मंडळाच्या पहिल्याच तारखेला तशी मागणी करा.