ठोसा खोटा, आवाज खरा

स्वस्तातल्या मारधाडपटांचे आणि साहसपटांचे विडंबन करणाऱ्या लघुपटांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे या अंकात घेतली आहेत. छायाचित्रण, संकलन आणि कला विभागात काम करणाऱ्या मंडळींनी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या गटाने जुन्या दरोडेखोरपटांवर बारा मिनिटांचे विडंबन केले. मिश्या मुद्दाम सुटणाऱ्या, बंदुका पुठ्ठ्याच्या, सगळे नट अधूनमधून कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावतात. तरी कुणी हसले नाही. "सिनेमा जमला नाही," एवढेच ऐकायला मिळाले. चुकले कुठे? — कोल्हापूर

उत्तर : डोळे मिचकावण्यात. नटानेच "हे खोटं आहे बरं का" असे सांगून टाकले की प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. 1980 च्या 'एअरप्लेन!'चे उदाहरण घ्या. त्याच्या कर्त्यांनी 1957 च्या 'झीरो अवर!' या गंभीर विमानपटाचे हक्कच विकत घेतले, कथानक आणि कितीतरी संवाद तसेच ठेवले. महत्त्वाच्या भूमिकांत लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक यांच्यासारखे तोवर गंभीर कामांसाठी ओळखले जाणारे नट घेतले. तोंडचे वाक्य कितीही वेडगळ असो, ते म्हणणाऱ्याचा चेहरा हलत नाही. आपल्याकडे मालेगावात शेख नासिर यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला. त्यातले दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. तिथेही गंमत सायकलीत आहे, पण ती फुलते स्वारांच्या दराऱ्यामुळे.

पुन्हा शूट न करता निम्मी दुरुस्ती संकलनातच होईल. डोळे मिचकावण्याचे सगळे शॉट काढा. पहिली दीड-दोन मिनिटे एकही विनोद ठेवू नका. मूळ प्रकारातल्या चित्रपटासारखीच लांब शांतता, बुटांचे क्लोजअप, वाऱ्याचा आवाज येऊ द्या. प्रेक्षकाला आधी त्या जगाचे नियम कळले पाहिजेत, तरच मोडलेला नियम त्याच्या लक्षात येतो. पुढेही एका शॉटमध्ये एकच गोष्ट बिघडवा. मिशी सुटत असेल तर बंदूक चांगली दिसू द्या, आणि चौकटीतल्या एकाही माणसाने मिशीकडे पाहता कामा नये. सगळेच एकदम बिघडले की ती हेतूने केलेली गोष्ट वाटत नाही, अडाणीपणा वाटतो. तुमच्या प्रेक्षकांचे नेमके हेच झाले आहे.

प्रश्न : मारामारीत ठोसा लागलाच नाही हे स्पष्ट दिसते. आम्हाला ते तसे नको आहे. आधी खरे वाटावे आणि मग गंमत व्हावी. — जळगाव

उत्तर : तुमचा क्रम योग्य आहे. कॅमेरा बहुधा दोघांच्या बरोबर बाजूला लावला असणार. तिथून मूठ आणि गाल यांच्यातली फट उघडी पडते. मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे जा. मूठ चेहऱ्यापासून वीतभर लांबून गेली तरी लेन्सच्या रेषेत ती चेहऱ्यावरून गेली पाहिजे, म्हणजे झाले. फोनवर शूट करत असाल तर दहा-बारा फूट मागे सरका आणि दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स वापरा. लांबून घेतले की दोघांमधले अंतर दबते. सरळ ठोशापेक्षा बाजूने फिरवून मारलेला ठोसा जास्त फसवतो. मार खाणाऱ्याचे डोके मूठ जाते त्याच दिशेने आणि मूठ चेहऱ्यासमोर आल्यावरच वळले पाहिजे. नवखे नट भीतीने आधीच मान फिरवतात आणि सगळा डाव तिथेच फसतो. म्हणून पाव वेगाने आठ-दहा वेळा तालीम करा, मग वेग वाढवा. संकलनात वेग आठ ते दहा टक्के वाढवता येतो. हाँगकाँगच्या मारधाडपटांत हेच काम कॅमेऱ्यातच, सेकंदाला 24 ऐवजी 22 किंवा 21 फ्रेमवर (चित्रचौकटींवर) शूट करून होत असे.

आवाज तीन थरांचा करा. जाड रजईवर दुमडलेला चामडी पट्टा आपटला की 'धप्' मिळते, गाजर मोडले की हाड मोडल्याचा आवाज मिळतो, आणि वेताची छडी फोनच्या माइकपासून दोन फुटांवर फिरवली की हवा कापल्याचा 'स्स्वप' मिळतो. छडीचा आवाज ठोशाच्या तीन-चार फ्रेम आधी सुरू करा. धप् आणि काटकन बरोबर स्पर्शाच्या फ्रेमवर बसवा.

आता विनोद. पहिले चार ठोसे अचूक बसवा. पाचव्याचा आवाज आठ-दहा फ्रेम उशिरा टाका, आणि मार खाणाऱ्याने तो आवाज येईपर्यंत वाट पाहून मग पडावे. दोन फ्रेमचा उशीर तांत्रिक दोष वाटतो. आठच्या पुढे गेलात की प्रेक्षक हसतो.

प्रश्न : डोक्यावर फोडायची साखरेची बाटली केली. ती फुटण्याऐवजी वाकली आणि हाताला चिकटली. — रत्नागिरी

उत्तर : वाकली ती पाक कच्चा राहिला म्हणून, चिकटली ती तुमच्या हवेमुळे. 400 ग्रॅम साखर, 200 मिलीलिटर पाणी आणि 150 ग्रॅमच्या आसपास द्रव ग्लुकोज (बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळते) एकत्र उकळा आणि तापमान 150 अंश सेल्सिअसला नेऊन उतरवा. 140 च्या खाली थांबलात तर पाक लवचीक राहतो. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका. बाहेर काढून वाकवताना तो काटकन तुटला पाहिजे. ग्लुकोज वगळू नका, नाहीतर साखर पुन्हा दाणेदार होऊन काच धुरकट होते.

साखर हवेतले पाणी ओढते. कोकणात पावसाळ्यात आदल्या दिवशी केलेली बाटली सेटवर टिकत नाही. शूटिंगच्याच सकाळी करा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खर्च झेपत असेल तर साखरेऐवजी आयसोमॉल्ट (साखरेपासून बनवलेला पर्यायी पदार्थ) वापरा, ते ओल खूपच कमी धरते. साच्याची खटपट नको असेल तर बाटलीऐवजी तूप लावलेल्या ताटात दोन-तीन मिलिमीटर जाडीची खिडकीची काच ओता. ती पहिल्या फटक्यात साधते.

दोन गोष्टींवर तडजोड करू नका. 150 अंशांचा पाक कातडीला चिकटून खोल भाजतो, म्हणून लांब बाह्या, हातमोजे आणि आसपास लहान मुले नकोत. आणि साखरेच्या काचेलाही धार असते. ती पाठीवर किंवा खांद्यावर फोडा, डोक्यावर फोडल्याचा भास कॅमेऱ्याच्या कोनातून करा. खरी बाटली कधीही वापरू नका, रिकामी आणि पातळ असली तरी नाही.

प्रश्न : खेळण्यातली जीप दरीत पडताना खेळण्यासारखीच दिसते. — नागपूर

उत्तर : कारण ती फार पटकन पडते. लहान वस्तूला जड दाखवायचे तर तिची गती मंद करावी लागते आणि त्याचे गणित ठरलेले आहे : प्रमाणाचे वर्गमूळ काढा आणि नेहमीच्या फ्रेमसंख्येला (इथे सेकंदाला 25) त्याने गुणा. जीप 1:18 ची, म्हणजे खऱ्या जीपच्या अठरापट लहान, असेल तर 18 चे वर्गमूळ सुमारे 4.24, 25 ला गुणले की 106. म्हणजे फोनचा 120 फ्रेमचा पर्याय चालेल. चिमुकली 1:64 ची गाडी असेल तर आठपट, म्हणजे 200. तिथे 240 घ्या. हे शूटिंग उन्हातच करा. एवढ्या फ्रेमना प्रकाश भरपूर लागतो, आणि आपली वीज 50 हर्ट्‌झची असल्याने घरातले बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. ते मंद गतीत ठळक दिसते.

कॅमेरा जीपच्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ जमिनीला टेकवून ठेवा. वरून घेतलेला शॉट लगेच घरातला वाटतो. दरीसाठी माती मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. साधी वाळू घेतली तर तिचा कण धोंड्याएवढा दिसतो. पाणी आणि आग मात्र टाळा, थेंबाचा आणि ज्वाळेचा आकार लहान करता येत नाही. स्फोट संकलनात काळ्या पार्श्वभूमीवरच्या ज्वाळेचा थर टाकून करा. फटाके नकोत, आणि धुळीसाठी पीठ उडवणार असाल तर जवळ काडीसुद्धा पेटलेली नको. हवेतले बारीक पीठ भडकते.

प्रश्न : नकली रक्ताला मुंग्या लागतात आणि डागही जात नाहीत. — बार्शी

उत्तर : ग्लुकोज सिरपमध्ये थोडा खाद्यरंग आणि चिमूटभर कोको घालत असाल तर मुंग्या येणारच. कपड्यांवरच्या रक्तासाठी सिरपमध्ये चौथा हिस्सा भांडी घासायचे द्रव मिसळा, डाग धुणे सोपे जाते. तोंडातले रक्त वेगळ्या वाटीत, साबणाशिवाय करा. वाट्यांवर नावे लिहा.

प्रश्न : उडणाऱ्या नायकामागचा हिरवा पडदा संकलनात काढून तिथे आकाश टाकतो, पण तो नीट निघत नाही, कडा हिरव्या राहतात. — फोंडा, गोवा

उत्तर : नायक पडद्याला चिकटून आहे. त्याला किमान सहा फूट पुढे आणा, पडद्यावर दोन्ही बाजूंनी वेगळे दिवे लावा आणि कापडाला इस्त्री करा. प्रत्येक सुरकुती ही हिरव्याची वेगळी छटा असते. नायकाला हिरव्या कापडाने झाकलेल्या स्टुलावर पोटावर झोपवा. बहुतेकांचे पाय लोंबतात आणि मग तो उडत नाही, पोहतो. मांड्या आणि पोट ताठ ठेवायला सांगा, दहा सेकंदांहून लांब शॉट घेऊ नका. आकाशात सूर्य ज्या बाजूला आहे त्याच बाजूने त्याच्यावर मुख्य दिवा मारा. मालेगावच्या मंडळींनी असाच हिरवा पडदा लावून यंत्रमाग कामगाराला सुपरमॅन म्हणून उडवले. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ती धडपड दिसते. विडंबन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा.

प्रश्न : मूळ चित्रपटाचेच पार्श्वसंगीत वापरले तर चालेल ना? विडंबन आहे, असे सांगू. — पुणे

उत्तर : नका वापरू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातले कलम 52 टीका आणि समीक्षेसाठीचा वाजवी वापर मान्य करते, पण त्यात विडंबनाचे वेगळे नाव नाही. वाद झाला तर प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे लढावे लागते. शिवाय व्हिडिओ चढवताच यंत्रणा सर्वांत आधी संगीतच ओळखते. ताशा, हार्मोनियम आणि एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन स्वतःची धून बांधा.

प्रश्न : गणेशोत्सवात जुना मारधाडपट दाखवून त्यावर जिवंत समालोचन करायचे आहे. तयारी कशी करावी? — सातारा

उत्तर : युगांडात ही कला फार पुढे गेली आहे. तिथल्या व्हिडिओ हॉलमध्ये निवेदक चालू चित्रपटावर बोलतात. कंपालामधल्या वकालिगा वस्तीत तयार झालेल्या 2010 च्या 'हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?'मध्ये तर व्हीजे (व्हिडिओ जोकर, म्हणजे असा निवेदक) एमी यांचे निवेदन चित्रपटाचाच भाग आहे. त्यांचा सूर ऐका : ते चित्रपटाला हिणवत नाहीत, नायकाच्या बाजूने ओरडतात.

चित्रपट तीनदा पाहा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा संवादांमधल्या मोकळ्या जागांच्या वेळा लिहीत, तिसऱ्यांदा त्या जागांत बोलून. मिनिटाला तीन-चार शेऱ्यांहून जास्त नको. दोघांनी बोलावे, दोन माइक असावेत, आणि चित्रपटाचा आवाज ध्वनिवाल्याने बोलण्याच्या वेळी निम्म्यावर आणावा. नटाच्या रूपावर, जातीवर, व्यंगावर शेरा नको. तार दिसते, सावलीची दिशा बदलते, सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून अकरा सुटतात, एवढे साहित्य पुरते. प्रदर्शनाची परवानगी हक्कधारकाकडून आधी लेखी घ्या, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो हे धरून खेळ साडेसातला सुरू करा.