वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर गेम चालतात, पण कुठले?

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून जुन्या पीसीवर लिनक्स टाकून गेम खेळण्याबद्दल विचारणा वाढली आहे. वारंवार येणारे पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पीसीत सातव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय आहे. विंडोज ११ त्यावर चढत नाही. लिनक्स मिंट टाकलं तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम चालतील का? (इचलकरंजी)

चालतील. अडचण आलीच तर ती प्रोसेसरची नसेल, ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरची असेल. १०५० टीआय हे पास्कल पिढीचं कार्ड. एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हर मालिका या पिढीसाठी शेवटची. ५९० पासून पास्कल आणि त्याआधीचं मॅक्सवेल, दोन्ही वगळली आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्सने (मिंटसारखाच लिनक्सचा दुसरा प्रकार) मुख्य पॅकेज ५९० वर नेलं, तेव्हा बेसावधपणे अपडेट करणाऱ्या पास्कलवाल्यांचा डेस्कटॉपच यायचा बंद होण्याची वेळ आली. तुमच्या कार्डासाठी मिंट बरं, ते यासाठीच. तिथे ड्रायव्हरची मालिका आपोआप बदलत नाही.

ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि ५८० निवडा. तोच आकडा यादीत एकाहून जास्त वेळा दिसेल. ज्याच्या नावात 'ओपन' आहे तो घेऊ नका. तो ट्युरिंगपासून पुढच्या, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या कार्डांसाठी असतो आणि पास्कलवर लोडच होत नाही.

बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते. ती थोडेच सेकंद थांबते, तेवढ्यात कुठलंही बटण दाबायचं, मग 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस' आणि तोच पासवर्ड. बरेच जण इथेच फसतात. स्क्रीन निघून जाते, डेस्कटॉप नेहमीसारखा दिसतो, पण ड्रायव्हर लोड झालेला नसतो आणि गेम उघडताक्षणी बंद होतो. असं झालं तर ड्रायव्हर पुन्हा टाकून ती स्क्रीन पकडा, नाहीतर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करा.

स्टीम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. तिथे सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक (सिस्टिमपासून वेगळं, बंदिस्त पॅकेज) असे दोन पर्याय दिसतील, त्यातलं सिस्टिम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅकही चालतं, पण दुसऱ्या डिस्कवरचे गेम दाखवायचे तर त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. मग सेटिंग्जमधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त जाऊन सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायची स्टीमची सोय) चालू आहे ना, एवढं बघा. पहिल्यांदा गेम उघडताना 'व्हल्कन शेडर्स' (ग्राफिक्स कार्डाला लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असल्याची पट्टी येते. ती पूर्ण होऊ द्या. मधेच सोडून पुढे गेलात तर खेळताना गेम अडखळतो.

गेममध्ये डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्स व्यवस्था) ११ आणि १२ दोन्ही असतील तर तुम्ही ११ घ्या. ११ च्या आज्ञा व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स व्यवस्थेत, बदलण्याचं काम डीएक्सव्हीके करतं, १२ च्या व्हीकेडी३डी-प्रोटॉन करतं, आणि पास्कल कार्डांवर या दुसऱ्यात फ्रेम रेट बराच घसरतो.

प्रश्न : व्हॅलोरंट, फोर्टनाइट, एपेक्स लेजंड्स लिनक्सवर का चालत नाहीत? लिनक्स अजून कच्चं आहे का? (डोंबिवली)

नाही. या तिन्ही गेमचं चित्र, आवाज, कंट्रोलर यात लिनक्सला न झेपणारं काही नाही. आडवं येतं ते अँटी-चीट, म्हणजे गेममधली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, आणि त्याहून जास्त कंपनीचा निर्णय.

विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन हे स्टीमच्याच व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं. त्याच्या पोटात १९९३ पासून घडत आलेलं वाइन हे विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर आहे. गेम विंडोजला जे जे मागतो, ते प्रोटॉन लिनक्सच्या पद्धतीने पुरवतं. पण हा सगळा व्यवहार कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाहेर होतो. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड मात्र विंडोजच्या कर्नेलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतं. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये बसवायचा मार्ग प्रोटॉनकडे नाही आणि असूही नये. लीग ऑफ लेजंड्स वर्षानुवर्षं वाइनवर खेळला जात होता; २०२४ मध्ये त्याला व्हॅनगार्ड लागलं आणि तो बंद झाला.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये दोघांनीही प्रोटॉनवर चालायची सोय दिली. अट एकच : गेमच्या कंपनीने ती स्वतः चालू केली पाहिजे. त्यामुळे आज तेच अँटी-चीट वापरणारा एल्डन रिंग लिनक्सवर ऑनलाइन खेळता येतो आणि फोर्टनाइट येत नाही. इझी अँटी-चीट एपिकचं, फोर्टनाइटही एपिकचाच, तरीही. एपेक्स लेजंड्सची सोय २०२२ पासून चालू होती. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने ती काढून घेतली, कारण लिनक्सच्या वाटेने चीट करणारे वाढले असं तिचं म्हणणं होतं. जीटीए ५ मध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं. तेव्हापासून ऑनलाइन भाग बंद आहे, एकट्याने खेळायची कथा मात्र चालते.

कंपन्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. लिनक्सवर माणूस स्वतःचं कर्नेल बदलून बांधू शकतो, मग कर्नेलबाहेर बसलेल्या अँटी-चीटने विश्वास कशावर ठेवायचा? शिवाय स्टीमच्या ऑक्टोबर २०२५ च्या पाहणीत लिनक्सचा वाटा ३ टक्क्यांच्या जेमतेम वर होता. एवढ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी टीम ठेवायची की नाही, हा त्यांचा हिशेब. आमचा आक्षेप आहे तो पैसे घेऊन झाल्यावर दार बंद करण्याला. मार्च २०२० मध्ये रॉकेट लीगने लिनक्स आणि मॅक आवृत्त्यांचा आधार थांबवला, तेव्हा त्या खेळाडूंना पैसे परत मिळायची सोय केली होती. निदान एवढं तरी प्रत्येक कंपनीने केलंच पाहिजे.

व्हर्च्युअल मशिनमध्ये लपवून असे गेम चालवायच्या युक्त्या सापडतील. त्या करू नका, खातं कायमचं जाऊ शकतं. डेस्टिनी २ च्या कंपनीने तर असा प्रयत्न केल्यास बॅन करू, असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. खेळायचा गेम आधी 'आर वी अँटी-चीट येट' या यादीत शोधा, मगच विंडोज पुसा. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि वॉर थंडर यांच्या तर लिनक्ससाठीच बनवलेल्या आवृत्त्या आहेत.

प्रश्न : विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवले आहेत. डी ड्राइव्हवर आधीच उतरवलेले गेम उबुंटूच्या स्टीमला दाखवले. यादीत येतात, पण 'प्ले' दाबलं की दोन सेकंद हिरवं दिसतं आणि पुन्हा 'प्ले'. (नाशिक)

तुमचा डी ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, आहे आणि दोष तिथेच आहे. प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन 'कम्पॅटडेटा' फोल्डरमध्ये एक छोटं खोटं विंडोज तयार करतं. त्यात 'सी' आणि पुढे अपूर्णविराम, अशा नावाची लिंक असते. विंडोज फाइलच्या नावात अपूर्णविराम चालू देत नाही. म्हणून एकतर ती लिंक तयार होत नाही, किंवा तयार झाली तर पुढे विंडोजची डिस्कतपासणी ती चूक समजून गडबड करते.

दुसरं कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धं झोपतं. मग लिनक्सला तो ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

खरा उपाय : गेमसाठी ईएक्सटी४ (लिनक्सची फॉरमॅटची पद्धत) चं वेगळं पार्टिशन करा आणि गेम तिथे हलवा. फोल्डर कॉपी केला तरी चालतो. 'स्टीमॲप्स'च्या 'कॉमन'मध्ये गेमचा फोल्डर ठेवून स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबा. आहे त्या फाइल तपासून स्टीम उरलेलंच उतरवतं. आधी 'कम्पॅटडेटा'त काही तयार झालं असेल तर ते नवीन जागी नेऊ नका. एनटीएफएसवरचा 'कम्पॅटडेटा' फोल्डर ईएक्सटी४ वर नेऊन मूळ जागी लिंक ठेवायची युक्तीही आहे. ती चालते, पण विंडोज आणि लिनक्स दोन्हींकडून एकाच गेमचं अपडेट होत राहिलं की फाइल बिघडतात. त्यापेक्षा डिस्कवर थोडी जागा जास्त गेली तरी परवडलं.

उबुंटूच्या ॲप सेंटरमधून स्टीम घेतलं असेल तर ते स्नॅप (उबुंटूचं बंदिस्त पॅकेज) आहे. ते काढा आणि स्टीमच्या साइटवरचं डेब पॅकेज टाका. स्नॅपमुळे येणाऱ्या तक्रारींना कंटाळून व्हॉल्व्हच्या लोकांनीही हाच सल्ला दिला होता.

प्रश्न : एका गेमची खास लिनक्स आवृत्ती आहे, पण तीच रखडत चालते. प्रोटॉनने विंडोज आवृत्ती चालवली तर बरी चालेल का? (बेळगाव)

बऱ्याचदा हो. प्रोटॉन यायच्या आधी लिनक्स आवृत्ती बहुधा बाहेरच्या कंपनीकडून करून घेतली जायची. करार संपला की मूळ गेमला नवी अपडेट येत राहायची आणि लिनक्सची तिथेच थांबायची. फेरल इंटरॅक्टिव्हसारख्यांनी केलेलं काम आजही चांगलं चालतं, सगळ्यांचं तसं नाही.

लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी', तिथल्या चौकोनात टिक करून यादीतली सर्वांत नवी स्थिर प्रोटॉन निवडा. स्टीम आता विंडोजच्या फाइल उतरवेल, म्हणजे मोठा गेम असेल तर पुन्हा तेवढाच डेटा. आधी सेव्ह फाइलची प्रत काढा, कारण दोन आवृत्त्या सेव्ह वेगवेगळ्या जागी ठेवतात आणि क्लाउडवर ते एकमेकांना ओळखतीलच असं नाही.

गेममध्ये डेनुवो (चोरटी कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर) असेल तर प्रोटॉनच्या आवृत्त्या एकामागून एक बदलून पाहू नका. डेनुवोला दर वेळी नवीन कॉम्प्युटर दिसतो, आणि पाच झाले की गेम २४ तास कुलूपबंद होतो.

मधल्या व्हिडिओंच्या जागी रंगीत पट्ट्या दिसल्या तर ती कोडेकची, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची, बाब आहे. परवान्यामुळे काही कोडेक प्रोटॉनसोबत देता येत नाहीत. प्रोटॉनअप-क्यूटी हे टूल वापरून जीई-प्रोटॉन (व्हॉल्व्हबाहेरच्यांनी सुधारलेलं प्रोटॉन) टाका, बहुतेक गेममध्ये तेवढ्याने भागतं.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून एक छोटा गेम बनवतोय. वेगळी लिनक्स आवृत्ती काढावी, की विंडोजचीच प्रोटॉनवर नीट चालेल असं बघावं? (पुणे)

तिघंच आहात, तर दुसरं. दर अपडेटला दोन आवृत्त्या तपासायचं बळ नसेल तर जुनाट पडलेल्या लिनक्स आवृत्तीपेक्षा प्रोटॉनवर पक्की चालणारी विंडोज आवृत्ती खेळणाऱ्याच्या जास्त कामाची. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळा. व्हिडिओ विंडोजच्या मीडिया फाउंडेशनवर टाकू नका, व्हीपी९ मधले वेबएम ठेवा. गेमच्या आधी उघडणारा लाँचर शक्य तर काढा. प्रोटॉनवरच्या तक्रारींत त्याचा वाटा मोठा असतो. आणि स्टीम डेकच्या (व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा लिनक्सवरचा कॉम्प्युटर) १२८० बाय ८०० पडद्यावर अक्षरं तपासा. डेकच्या तपासणीत सर्वांत लहान अक्षर ९ पिक्सेलच्या खाली गेलेलं चालत नाही, आणि १२ ठेवलं तर वाचणाऱ्याचे डोळे दुखत नाहीत.

तरीही लिनक्स आवृत्ती काढायचीच असेल तर ती स्वतःच्या ताज्या उबुंटूवर बांधू नका. तिथलं जीलिबसी (लिनक्सच्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) नवं असतं, आणि जुन्या लिनक्सवर गेम उघडतच नाही. व्हॉल्व्हचं स्टीम लिनक्स रनटाइम ३, म्हणजे 'स्नायपर', डेबियन ११ या जुन्या लिनक्सवर उभं आहे. त्याच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त वातावरणात, बांधा. फाइलनावांतली लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही बघा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. कोडमध्ये एक आणि डिस्कवर दुसरं असेल तर तुमच्या मशिनवर दिसणारं टेक्स्चर दुसऱ्याकडे गायब होतं.

स्टोअरच्या पानावर लिनक्सचं चिन्ह लावायचं ते एवढं सगळं झाल्यावर, आणि पुढच्या अपडेटलाही हे करणार असाल तरच.