गॅस संपत नाही, तो गळतो

उन्हाळा तापू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गाडीच्या एसीचा विषय हमखास असतो. यंदा त्यांतल्या चार पत्रांना उत्तरे देत आहे. पहिले उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण त्यात सांगितलेली चूक सर्रास होते आणि तिचा भुर्दंड गाडीमालकाला सोसावा लागतो.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची आहे. गेल्या एप्रिलमध्ये एसी थंड करेनासा झाला म्हणून गॅस भरून घेतला. दिवाळीपर्यंत ठीक चालले. यंदा मार्चमध्ये पुन्हा भरला, तो जेमतेम तीन आठवडे टिकला. आता बटण दाबल्यावर हवा येते, पण गरमच. गॅरेजमध्ये सांगतात की कॉम्प्रेसर गेला, नवा बसवावा लागेल. काय करावे? (एक वाचक, अकोला)

उत्तर : कॉम्प्रेसर बदलायला इतक्यात होकार देऊ नका. तुमच्या पत्रातच रोगाचे लक्षण आले आहे : पहिला गॅस सहा-सात महिने टिकला आणि दुसरा तीनच आठवडे. म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती वाढत चालली आहे आणि दोन्ही वेळा ती कोणी शोधलेली नाही.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, दाब उतरवणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल या बंद वाटेने तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून काही वर्षांत थोडासा झिरपतो हे खरे, पण तीन आठवड्यांत कूलिंग जाणे हे झिरपणे नव्हे. म्हणून "दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो" असे कोणी सांगितले, तर ते मान्य करू नये.

कॉम्प्रेसर चालू होत नाही म्हणजे तो बिघडलाच, असेही नाही. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा पुरवठा तोडतो आणि हे तो कॉम्प्रेसर वाचवण्यासाठीच करतो. याचे कारण असे की कॉम्प्रेसरला लागणारे ऑइल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसताना तो चालला, तर कोरडा घासून जाईल. बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि घरातल्या कोणाला एसीचे बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसरच्या पुलीपाशी "टक्" असा आवाज येऊन पुलीपुढची चकती फिरू लागली, तर मॅग्नेटिक क्लच (पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा विजेचा चुंबक) धरतो आहे. (काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.) हात आणि ओढणी-उपरण्यासारखे कपडे पंख्यापासून लांब ठेवा, तो आपोआप सुरू होतो.

चकती फिरत नसेल, तर मेकॅनिकला आधी फ्यूज आणि रिले पाहायला सांगा, मग गेज (दाब मोजणारे मीटर) लावून गाडी बंद असतानाचे प्रेशर पाहायला सांगा. आर-१३४ए या जुन्या प्रकारच्या गॅसच्या गाडीत ४० अंशांच्या उन्हात ते सुमारे १३० पीएसआय (दाबाचे एकक) दिसायला हवे. काटा २०-३० वर पडलेला असेल, तर सिस्टीम रिकामी आहे आणि कॉम्प्रेसरविषयी अजून काहीच सिद्ध झालेले नाही. प्रेशर ठीक असून क्लचच्या वायरपर्यंत १२ व्होल्ट पोहोचत असतील आणि तरीही चकती ओढली जात नसेल, तर दोष क्लचच्या कॉइलचा किंवा झिजून वाढलेल्या फटीचा असतो. चकती आणि पुली यांच्यातली ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये क्लच स्वतंत्रपणे दुरुस्त होतो.

आता गळती. तिचा पहिला माग डोळ्यांनीच लागतो. गॅसबरोबर ऑइलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते, त्यामुळे पाइपच्या जोडावर, कंडेन्सरच्या कोपऱ्यात किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी काळपट, ओलसर डाग दिसला, तर तिथेच आधी संशय घ्यावा. नंतर सिस्टीममध्ये नायट्रोजन दाबाने भरून जोडांना साबणाचे पाणी लावतात. टायरमध्ये भरतात ती साधी हवा या कामासाठी वापरू नये, कारण तिच्यातली वाफ आत राहते. फार बारीक गळतीसाठी ऑइलमध्ये अल्ट्राव्हायोलेट डाय मिसळून, गाडी काही दिवस चालवून, मग खास बॅटरीच्या उजेडात पाहावे लागते.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीत तीनदा गॅस भरला गेला होता आणि कूलिंग कॉइल बदलण्यासाठी डॅशबोर्ड खोलण्याचे ठरत होते. गॅस भरण्याच्या पोर्टचे प्लॅस्टिकचे झाकण हरवलेले दिसले म्हणून त्या तोंडात साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. पाचसहा सेकंद काहीच झाले नाही. मग मोहरीएवढा बुडबुडा वर आला, फुगला, फुटला आणि त्याच्या जागी दुसरा आला. सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशी तिथली व्हॉल्व्हपिन खराब झाली होती. पिन बदलली, झाकण बसवले, आणि डॅशबोर्ड खोलावा लागला नाही.

गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवून आतली हवा व दमटपणा काढणे आवश्यक आहे. त्यानंतर गॅस भरायचा, तो वजन करूनच. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते. आत थोडाफार द्रवरूप गॅस उरला असेल तोवर, गाडी बंद असताना काटा केवळ तापमानाप्रमाणे दाब दाखवतो. आत २०० ग्रॅम आहे की ४५०, हे त्यावरून कळत नाही. गळतीबरोबर गेलेल्या ऑइलचा हिशेबही धरावा लागतो. तुमच्या गाडीत दोनदा नुसता गॅस ओतला असेल आणि ऑइलचा विचार झाला नसेल, तर चांगला कॉम्प्रेसरही त्यामुळे खराब होऊ शकतो, म्हणून हे काम आणखी लांबवू नका. "गॅस भरणे" एवढ्याच शब्दांचे बिल न घेता गळती कुठे मिळाली, व्हॅक्यूम किती वेळ ठेवला आणि किती ग्रॅम भरले, हे त्यावर लिहून घ्या.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल, तर तो चालू असतानाही कमी आणि जास्त दाबाच्या बाजूंना लावलेल्या दोन्ही गेजचे काटे जवळपास सारखेच राहतात आणि पाइप खोलल्यावर ऑइलमध्ये चमकणारी धातूची कीस दिसते. तेव्हा ड्रायर (दमटपणा शोषणारी बाटली) बदलावा लागतो आणि पाइप फ्लश करावे (आतून धुवावे) लागतात. कंडेन्सरच्या बारीक नळ्यांतली कीस मात्र पूर्ण निघत नाही, म्हणून तोही बदललेला बरा. हे न करता बसवलेला नवा कॉम्प्रेसर त्याच किशीने पुन्हा खराब होतो.

प्रश्न : मुंबई-नाशिक महामार्गावर एसी उत्तम चालतो, पण ठाण्यात सिग्नलला पाच मिनिटे थांबलो की हवा कोमट होते. गॅस कमी झाला असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी कंडेन्सरचा पंखा पाहा. गाडीच्या आतली उष्णता रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकली जाते. गाडी धावत असताना वारा ते काम करतो, उभी असताना ते पंख्यालाच करावे लागते. इंजिन चालू ठेवून एसी लावल्यावर काही क्षणांत पंखा सुरू व्हायला हवा. तो सुरू झाला नाही किंवा रेंगाळत फिरला, तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने दोष शोधावा. पंखा ठीक असेल, तर कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली माती, किडे आणि सुकी पाने साध्या नळाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावीत. सर्व्हिस स्टेशनची जोराची धार लावली की पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या होतात आणि वाट उलट बंद होते.

या अवस्थेत गॅस "थोडा वाढवून" घेऊ नका. गॅस जास्त झाल्यानेही नेमके असेच घडते, आणि हाय साइडचा (कॉम्प्रेसरपुढच्या जास्त दाबाच्या बाजूचा) दाब ४०० पीएसआयच्या पलीकडे गेला की सिस्टीम स्वतःच कॉम्प्रेसर बंद करते. त्याच वेळी इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढत असेल, तर एसी लगेच बंद करा आणि गाडी आधी गॅरेजला न्या.

प्रश्न : पावसात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरून थोडे पुढे गेलो की एसीच्या झरोक्यांतून येणारी हवाच कमी कमी होत जाते. गाडी थांबवून चहा घेतला की पुन्हा सगळे सुरळीत. गॅरेजमध्ये नेल्यावर दोष दिसतच नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हवेचा झोत कमी होतो, हे तुम्ही नेमके लिहिले आहे आणि त्यानेच उत्तर सोपे झाले. कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. पावसाळी दमट हवेतले पाणी कॉइलवर साचते. कॉइल शून्य अंशाच्या जवळ येण्याआधी थर्मिस्टरने (तापमान मोजणाऱ्या सेन्सरने) इशारा देऊन कॉम्प्रेसर थांबवायचा असतो. तो इशारा चुकला की पाण्याचा बर्फ होतो आणि हवेची वाट अडते. तुम्ही चहा घेईपर्यंत तो वितळतो, म्हणून गॅरेजपर्यंत काहीच उरत नाही. पुढच्या वेळी असे झाले की एसी बंद करून ब्लोअर तसाच चालू ठेवा. दहा मिनिटांत झोत परत आला आणि गाडीखाली पाण्याची धार लागली, तर निदान पक्के समजावे. आधी केबिन फिल्टर पाहा, कारण तो धुळीने भरला असेल तरी कॉइल गोठते. नंतर थर्मिस्टर आणि त्यानंतर एक्सपान्शन व्हॉल्व्ह.

इतर वाचकांसाठी एक भेद सांगतो. झोत तसाच राहून केवळ गारवा जात-येत असेल, तर बर्फ कॉइलच्या बाहेर नसतो. मग सिस्टीममध्ये राहिलेला दमटपणा एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठत असेल किंवा क्लच तापल्यावर सुटत असेल.

प्रश्न : नवी हायब्रिड गाडी घेतली आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की पुढे गॅस लागला तर जुनाच भरू, स्वस्त पडेल. (एक वाचक, पुणे)

उत्तर : भरू देऊ नका. नव्या अनेक गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो. त्याचे पोर्टही वेगळे असतात आणि आर-१३४एमध्ये तो मिसळायचा नसतो. स्वस्त म्हणून एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस तर कुठल्याच गाडीत नको, कारण कूलिंग कॉइल तुमच्या बसण्याच्या जागेपुढेच असते. हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर बहुधा हाय व्होल्टेज विजेवर चालतो, त्याच्या वायरी नारिंगी असतात आणि त्यांना प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये. त्या कॉम्प्रेसरला वीज न वाहणारे ऑइल लागते. साध्या गाडीच्या एसीचे ऑइल चुकून थोडेसेही गेले, तर इन्सुलेशन बिघडते आणि गाडी दोष दाखवून बंद पडू शकते, म्हणून कोणत्या नावाचे ऑइल वापरणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच विचारून गाडीच्या पुस्तिकेशी ताडून घ्या.